साडेबाराला मेलेली पेटी

१

निंबखेडच्या पंचायतीच्या ओसरीवर, लोखंडी जाळीत कुलूपबंद असलेली सरकारी नेटची पेटी मंगळवारी दुपारी साडेबाराला मेली, आणि गुरुवारी सकाळपर्यंत गावाने तिचा मारेकरी ठरवूनही टाकला. आता नाव कागदावर यायचं तेवढं राहिलं होतं. ते काम प्रतिभाबाईंच्या गळ्यात पडलं.

बाई मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीला दोन महिने उरलेले. शाळेचा तांदूळ कोण पळवतो ते त्यांनी एकदा पोत्याच्या सुतळीच्या गाठीवरून ओळखलं होतं. तेव्हापासून "बाईच्या नजरेतून मुंगी सुटत नाही" असं गाव म्हणे, आणि बाईंनाही ते ऐकायला आवडे. शिवाय पेटी गावात आणली तीही त्यांनीच. पेनगंगेच्या अलीकडच्या, तेलुगू मुलखातल्या काठावरच्या या मराठी गावात मोबाइलला रेंज मिळाली तर नदीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरची, तीही बोलण्यापुरती. तीन वर्षं बाईंनी भीमपूरच्या मंडल, म्हणजे तालुका, कार्यालयात दरखास्तींवर दरखास्ती दिल्या, तेव्हा कुठे सरकारी खर्चाने तार आली. ओसरीवर येऊन बसा, पैसा न देता नेट वापरा, अशी ती सोय होती.

"कुलूप शाबूत, तार शाबूत," सरपंच नागोराव सांगत होते. "म्या सोता खांबापर्यंत पाहून आलो. करंट बी हाय, हा पाहा पंखा फिरून राह्यला. मंग पेटी मेली कशी? कोनीतरी कारस्तान केलं, बाई."

बाईंनी जाळीजवळ नाक नेलं. पेटीचे चारही दिवे विझलेले. खाली तिची बॅटरी. पेटीतून दोन वायरी निघत होत्या, एक काळी, खांबावरून आलेली, आणि एक पांढरी, भिंतीवरून मागच्या बाजूला गेलेली. जळल्याचा वास नव्हता. जाळीची किल्ली तालुक्याच्या मेकॅनिककडे, आणि मेकॅनिक सोमवारशिवाय येणार नव्हता. त्याच्या आधी आज तीन वाजता जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांनी फोनवर बजावलं होतं, मुद्दाम नुकसान केलेलं असेल तर करणाऱ्याचं नाव द्या, त्याच्यावर पोलिसात तक्रार होईल. नाव देणार नसाल तर पेटी दुसऱ्या गावाला जाईल.

"नाव तं समद्यायले मालूम हाय," नागोराव आवाज खाली आणून म्हणाले. "मंगळवारी साडेबाराले भारत इथंच हुबा होता. हातात काहीतरी चमकून राह्यलं होतं. भूषणनं पाह्यलं."

भारत! बाईंना मनातल्या मनात बरंच वाटलं. हे त्यांनी पुढे कोणाजवळ कबूल केलं नाही, पण वाटलं खरं. ग्रामसभेत सगळ्या गावासमोर त्यांना आडवा गेलेला तो एकच माणूस होता.

२

भूषणचं दुकान ओसरीच्या समोरच. बिस्किटं, विडी-काडी आणि मोबाइलचं रिचार्ज. पेटी आल्यापासून त्याचं रिचार्ज कोणी घेईना, त्यामुळे संशय घ्यायचा तर आधी त्याच्यावरच घ्यायला हवा, हे बाईंना कळत होतं. त्यांनी आडवळण घेतलंच नाही.

"तू केलंस का रे भूषण?"

"म्या? बाई, तुमच्या हाताचा मार खाल्लेला पोरगा म्या!" भूषण कळवळला. मग गल्ल्यावर हात ठेवून तावातावाने बोलू लागला. "पण एक सांगतो. सरकारनं नेट फुकट काऊन द्यावं? मंग किराणा बी फुकट द्या, विडी बी द्या. माह्यासारख्यानं धंदा कराचा कसा? मागच्या आठवड्यात गावातला करंट गेला सकाळी सातले. म्या म्हटलं, चला, आज तरी पेटी बंद पडन. कायची बंद पडते! एक वाजेपर्यंत समदे ओसरीवर बसून पाहून राह्यले. एक वाजला तवा पेटी झोपली, अन् मंग आले माह्याकडं."

"मंगळवारी काय पाहिलंस ते सांग."

"भारतभाऊ रोजच येतेत बारा वाजले की. मंगळवारी बी आले. पेटीकडं तोंड करून हुबे. हातात पांढरं, चकचकीत काहीतरी होतं. पक्कड असन. थोड्या येळानं पोरं वरडली, नेट गेलं, नेट गेलं. भारतभाऊनं इकडंतिकडं पाह्यलं अन् मान खाली घालून निघून गेले. चोरावानीच गेले, बाई."

"आणि तू काय केलंस?"

भूषणने मान खाली घातली. "मारोतीले नारळ फोडला," तो पुटपुटला. "पेटी मेली म्हून. खोबरं वाटाले बी लाज वाटली, समदं एकट्यानंच खाल्लं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. पेटीचं वाईट चिंतणारा माणूस पेटी मारेलच असं नाही. नारळ फोडणाऱ्याने पक्कड हातात घेतली नसणार, एवढं त्यांना माणसांचं कळत होतं. राहता राहिला भारत. त्याची पक्कड शोधायला बाई भर उन्हात त्याच्या वावराकडे निघाल्या.

३

भारत कापूस वेचत होता. कमरेला बांधलेली झोळी फुगलेली, आणि तोंड त्याहून फुगलेलं. त्याची बायको चंदा कपाशीच्या दोन ओळी सोडून पलीकडे होती.

"या, पोलिसबाई," तो म्हणाला.

बाईंनी ते गिळलं. ग्रामसभेत त्याने जे म्हटलं होतं ते त्यांना पाठ होतं. सरकार आधी बोअर देत नाही, दवाखान्यात डॉक्टर देत नाही, अन् नेट देऊन राह्यलं. उद्या तेच नेट बंद करतो म्हणून दम देईल, अन् आमी कुत्र्यावानी मागं फिरू. असली पेटी म्या तोडून फेकीन! त्यावर बाईंनी चारशे माणसांदेखत त्याला "अडाणी ते अडाणीच राहणार" असं सुनावलं होतं. सगळी सभा हसली होती.

"मंगळवारी साडेबाराला तू पेटीजवळ होतास. हातात काय होतं?"

"माह्यं काहीतरी होतं."

"पेटीला काय केलंस?"

"काई नाई."

"मग रोज बारा वाजता तिथे काय काम असतं तुझं?"

कापसाचं बोंड भारतच्या बोटांत होतं, ते तो उगाच चिवडत राहिला. "बाई, तुमाले नाव लिवाचं हाय ना? माह्यं लिवा," तो शेवटी म्हणाला. "पोलिस येतीन, नेतीन. पण म्या तिथं काऊन जातो ते इच्यारू नका. एकच सांगतो, ज्याचं फुकट खाल्लं त्याच्यापुढं मान वर होत नाई. हे माह्यं पहिलंपासून म्हननं होतं, अजूनबी तेच हाय."

ही तर कबुलीच झाली! बाई वळल्या. वावराच्या बांधापर्यंत आल्या असतील, तोच मागून चंदा धापा टाकत आली आणि त्यांचा हात धरून बोरीच्या आड घेऊन गेली.

"बाई, त्यायचं नाव नका लिवू. पक्कड नव्हती ती. डबा होता."

"कसला डबा?"

"जेवनाचा." चंदाचे डोळे भरून आले. "आमची प्रगती बासरले होस्टेलात शिकाले गेली, तवापासून ह्यायले जेवन जाईना. दोघं बापलेक एका ताटात जेवत होते, तुमाले मालूम हाय. तिची बी तिथं तशीच गत. मंग पेटी आली. बारा वाजता तिची जेवनाची सुट्टी होते. हे डबा घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात हुबे राहतेत, लोकायकडं पाठ करून, फोन जाळीले टेकवून. ती तिकडं खाते, हे इकडं खातेत. भाजी काय हाय म्हून ती इच्यारते, तं हे झाकन उघडून दाखवतेत. मंगळवारी घास तोंडात होता अन् तिचं तोंड दिसाचं बंद झालं. तवाधरून उपाशीच हायेत दुपारचे."

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"समद्या गावात बोंबलून बसले ना, तोडून फेकीन म्हून. आता तेच नेट वापरतो हे कोनाले समजलं तं जीव देतीन. तुमाले म्हून सांगतलं, बाई. कोनाले बोलू नका."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या.

भारत निर्दोष होता तर. ज्या माणसाचा घास त्या तारेतून उतरत होता, तो ती कशाला तोडेल? पण मग पेटी मारली कोणी? तीन वाजायला दीड तास उरला होता.

४

बाई शाळेत परतल्या तेव्हा पोरांची पंगत उठून गेली होती. देवकाबाई मोठं पातेलं घासत होती. शाळेचं जेवण शिजवणारी ही विधवा बाईंची वीस वर्षांची सोबतीण. तिची तीन एकर जमीन, आणि यंदा घराचे पत्रे वाऱ्याने उडालेले. सोमवारी आभाळ भरून आलं तेव्हा वेचलेला कापूस कुठे ठेवावा म्हणून ती रडकुंडीला आली होती. पंचायतीच्या मागच्या सामाजिक भवनाची किल्ली बाईंकडे असे. सरकारी इमारतीत खाजगी माल ठेवायला सक्त मनाई, तरी बाईंनी मंगळवारी सकाळी साडेसहाला ती किल्ली देवकाबाईच्या हातावर ठेवली. कोणाला कळू द्यायचं नाही, असं दोघींचं ठरलं होतं.

"जेवा बाई, तोंड सुकलं तुमचं."

"भूक नाही. कापूस बरा आहे ना?"

"बरा हाय. छतापोतूर भरला." देवकाबाई जरा हसली, मग हात थांबवून म्हणाली, "पण बाई, रातची झोप नाई. एवढा कापूस, अन् त्या भवनात नवी वायरिंग. आमच्याकडं कापूस भरला की त्या घरात दिवा लागत नाई. ठिनगी पडली तं राख बी हाती येत नाई. माह्या सासऱ्याचं घर असंच गेलं होतं. म्हून म्या पहिलं काम तेच केलं. पहिलं गाठोडं आत टाकाच्या आधी मेन खटका खाली पाडला."

बाई उभ्याच राहिल्या.

"कधी पाडलास?"

"मंगळवारीच. तुमी किल्ली दिली ना, तवाच."

साडेसहा. बाईंनी बोटं मोजली. करंट गेला सकाळी सातला, आणि पेटी झोपली एकला, असं भूषण म्हणाला होता. म्हणजे बॅटरी सहा तास टिकते. साडेसात, साडेआठ, साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा, साडेबारा कधी झाले ते बोटांना कळलंही नाही. देवकाबाईच्या कमरेची किल्ली काढून घेऊन त्या भवनाकडे निघाल्या. देवकाबाई राखेने भरलेले हात तसेच धरून मागून हाका मारत राहिली.

५

पांढरी वायर पंचायतीच्या भिंतीवरून मागे वळली होती, आणि तिथून भवनाच्या झरोक्यातून आत शिरली होती. पंचायतीचं जुनं मीटर नको म्हणून मेकॅनिकने पेटीला करंट भवनाच्या नव्या मीटरवरून दिला होता. नागोरावांचा पंखा फिरत होता तो जुन्या मीटरवर. पेटीपुरता करंट मंगळवारी सकाळीच गेला होता, आणि सहा तास ती बॅटरीवर जगली. साडेबाराला जवळ कोण उभं होतं, हे विचारण्यातच सगळं गाव फसलं. आणि गावाच्या पुढे दोन पावलं चालून बाई फसल्या.

पेटी कोणी मारली? खटका देवकाबाईने पाडला, पण कापसाच्या घरची कोणतीही बाई तेच करील. तिला त्या खोलीत घातली कोणी? मारेकरी शोधायला निघालेल्या मुख्याध्यापिकेनेच. आणि दुपारभर ती दुसऱ्याच्या हातातली पक्कड शोधत फिरली होती!

दार उघडताच कापसाचा उबट वास आला. बाई खटक्यासमोर उभ्या राहिल्या. मेन खटका वर करायचा, भवनातल्या दिव्यांचे तेवढे खाली ठेवायचे. कापसालाही धोका नाही, आणि पेटी जिवंत. कोणाला काही सांगायची गरजच काय? साहेबांना म्हणायचं, आपोआप सुरू झाली. दोन महिने राहिलेत. सरकारी भवनात खाजगी कापूस, किल्ली कोणी दिली, असा कागद निघाला तर पेन्शन कुठे अडकेल सांगता येत नाही. बाईंनी आयुष्यात पोरांना हजार वेळा खरं बोलायला सांगितलं होतं, आणि आता त्यांचा हात चोरासारखा चालला. त्यांनी खटका वर केला, दार ओढलं, कुलूप लावलं आणि ओसरीवर आल्या.

ओसरीवर जल्लोष चालला होता. चारही दिवे हिरवे! "पाह्यलं?" नागोराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "साहेब येनार म्हनल्यावर भेला भारत. गुपचूप येऊन सुरू करून गेला. चोराच्या मनात चांदनं!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी हे धरलंच नव्हतं. पेटी बंद होती तोवर भारत नुसता संशयित होता. ती आपोआप सुरू झाल्याबरोबर तो पक्का गुन्हेगार झाला. आणि रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला.

६

साहेब तेलुगू होते, मराठी समजे, पण बोलत हिंदीत. चहा नको म्हणाले, खुर्चीवर बसले, चार हिरवे दिवे पाहिले. भारतला कोणीतरी वावरातून बोलावून आणलं होतं. तो खांबाला टेकून उभा होता, चंदा त्याच्या मागे.

"नाम लिख के दीजिए, मॅडम."

बाईंनी भारतकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. "लिहून घ्या. प्रतिभा, मुख्याध्यापिका. भवनाची किल्ली मी दिली." आणि त्यांनी सगळं सांगितलं, साडेसहाचा खटका, सहा तासांची बॅटरी, दोन मीटरं, पांढरी वायर, सुरू करायला गेलेला स्वतःचा चोरटा हात. देवकाबाई मधेच उठली, "खटका म्या पाडला, बाईचा गुन्हा नाई" म्हणू लागली. बाईंनी तिला खाली बसवलं. नागोरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खरं तर इथेच त्यांनी थांबायला हवं होतं.

पण साहेब हसले. "देखिए, यही मैं ऊपर बोलता हूँ," ते म्हणाले. "फुकट में दो, तो क़दर नहीं. तीन दिन पेटी बंद, और गाँव में किसका क्या अटका? लड़के लोग रील देखते. सरकार काहे को पैसा भरना? मैं तो लिखूँगा, इधर ज़रूरत नहीं."

तीन वर्षांच्या दरखास्ती बाईंच्या डोक्यात गेल्या. रस्ता सरकारने करावा, शाळा सरकारने चालवावी, मग बोलण्याची वाट तेवढी का नको? हे त्या कितीदा बोलल्या होत्या, आणि कोणाला पटलं नव्हतं. आता पटवणारा पुरावा समोर खांबाला टेकून उभा होता. शिवाय कोडं अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. सगळे धागे जुळलेले असताना शेवटचा धागा हातातच ठेवायचा?

"कोणाचं काय अडलं ते सांगते," बाई म्हणाल्या, आणि डब्याची गोष्ट सांगून टाकली. बासरची जेवणाची सुट्टी, जाळीला टेकवलेला फोन, उघडून दाखवलेलं झाकण, तोंडात राहिलेला घास. छान सांगितली. वर्गात सांगत तशी. साहेबांनी चष्मा पुसला. मग कागद ओढून लिहिलं, पेटी निंबखेडला राहील. बाईंना समज देणारा कागद निघेल, कापूस आजच्या आज हलवावा, बस. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी वळून पाहिलं तेव्हा सगळं गाव भारतकडे बघत होतं. कोणीतरी मागून म्हणालं, "तोडून फेकीन म्हनत होता ना रे?" आणि दोघंतिघं हसली, ग्रामसभेत हसली होती तशीच. चंदाने बाईंकडे एकदाच पाहिलं. मग दोघं वावराच्या वाटेला लागली.

देवकाबाईचा कापूस संध्याकाळपर्यंत चार घरांत वाटून ठेवला गेला. पाऊस आलाच नाही.

शुक्रवारी बाई बारा वाजता ओसरीवर जाऊन बसल्या. भारत आला नाही. शनिवारीही नाही. सोमवारी मेकॅनिक आला, पेटीची वायर पंचायतीच्या मीटरला जोडून गेला. नेट कधी नव्हे इतकं जोरात चालू लागलं. बाई दोनदा भारतच्या घरापर्यंत गेल्या आणि दार बघून परत आल्या. काय म्हणायचं होतं? माफी मागितली तर तो म्हणेल, तुमी तं मले वाचवलं, बाई. आणि ते खरंच असेल.

बुधवारी दुपारी शाळेत असताना त्यांचा फोन वाजला. प्रगती होती, साध्या फोनवरून, तुटक तुटक.

"बाई, एक इच्याराचं होतं. आपल्या गावचं नेट कधी सुरू होनार? बाबा म्हनतेत अजून बंदच हाय. आठ दिवस झाले."

बाई खिडकीत उभ्या होत्या. तिथून ओसरी दिसत होती, चार-पाच जण फोन घेऊन बसलेले दिसत होते. हो, बंदच आहे म्हटलं असतं तरी पोरीला इतक्या दुरून काय कळणार होतं? पण बाईंना तेवढं सोपंही आता जमेना.

"नेट सुरू आहे, पोरी," त्या म्हणाल्या. "गुरुवारीच सुरू झालं. बाबा येत नाहीत, ते माझ्यामुळे." आणि जे झालं ते थोडक्यात सांगितलं, ह्या वेळी छान करून न सांगता.

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग बाबा आता कुठं जेवतेत?" प्रगतीने विचारलं.

"वावरात."

"एकटेच?"

"हो," बाई म्हणाल्या.